वेशीवरचा दगड

वेशीवरच्या दगडावर फक्त महायुद्धात पडलेल्यांचीच नावं कोरायची, ही गावाची जुनी रीत. महायुद्ध कोणतं, हे आता पंचायतीतलं यंत्र ठरवायचं. चाळीस देश लढाईत उतरेपर्यंत ते त्याला नुसतं 'युद्ध' म्हणायचं. हौसाबाईचा थोरला सुजय या युद्धात पडून आठ महिने झाले होते, आणि त्याच्या नावासाठी ती रोज यंत्राच्या पडद्यापुढे हात जोडायची.

आज चाळिसावा देश उतरला. पडद्यावर 'महायुद्ध' उमटलं, आणि महायुद्धाच्या सक्तीच्या भरतीत तासाभरात तिच्या धाकट्याला पलटणीचं बोलावणं आलं.

"मावशी, झालं तुमच्या मनासारखं," पाथरवटानं छिन्नी काढली. "सुजयचं नाव कोरतो. खाली जागा किती सोडू?"

हौसाबाईनं त्याचा हात घट्ट धरला.

"नको कोरू, बाबा. त्या यंत्राला सांग, एक देश कमी मोज."