टेबलावरच ठेवा

ग्रंथपाल बाई रोज सांगायच्या, "आजोबा, वाचून झालं की पुस्तक टेबलावरच ठेवा, कपाटात घालू नका." आजोबांना त्यात काहीतरी काळंबेरं वाटायचं. हिला कशाला नसत्या चौकशा? मी काय वाचतो ते बघणार आणि माझ्या सुनेच्या कानावर घालणार, दोघी मैत्रिणीच! घरी सगळ्यांना वाटायचं, आजोबा वाचनालयात पेपर वाचतात. म्हणून आजोबा पुस्तक पेपरात लपवून वाचत आणि बाईंची पाठ फिरली की गुपचूप जागेवर सरकवून देत.

एक दिवस ती जागा रिकामी दिसली. जोडाक्षरांचा धडा तेवढा राहिला होता. कावरेबावरे होऊन त्यांनी विचारलं, "बाई, इथलं ते 'मोठ्यांसाठी अक्षरओळख' कुठं गेलं?"

"ते होय? वर्षभर कुणी हात लावला नाही, रद्दीत काढलं. हवं होतं का?"

"एका मित्राला हवं होतं."

नजर चुकवायला त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथली पाटी आज जोडाक्षरांपाशी अडखळत त्यांनी पहिल्यांदाच वाचली: "पुस्तक टेबलावर ठेवा. कोणतं वाचलं जातं ते आम्ही मोजतो. कोण वाचतं ते विचारत नाही."