मुकं पेज

पेज बोलेना.

जमुनाताईंनी टॅब दाबला, पुन्हा दाबला. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या कानातल्या आवाजानं इंग्रजीत ‘बटन’ म्हटलं, ‘एडिट’ म्हटलं आणि मधल्या सगळ्या मराठीवर मिठाची गुळणी धरली.

“भाविक, ही कसली रे पेज केलीस?” त्या म्हणाल्या. “नुसतं पाणी. शीत म्हणून लागत नाही.”

भाविकचं तोंड उतरलं. तलासरीपासून सायवनपर्यंत शाळा असलेल्या संस्थेच्या डहाणूच्या ऑफिसात संगणकाचं सगळं तोच बघायचा. कर्मचाऱ्यांसाठीची वेबपेजेस नियमात बसवायची, अंधांनाही वापरता आली पाहिजेत, असा वरून हुकूम आला होता. दोन महिने तो त्यात बुडाला होता. तपासणीच्या प्रोग्रॅमनं शंभरपैकी शंभर दिले, तो कागद त्यानं कपाटावर चिकटवलाही होता. आणि ऑफिसात ज्या एकाच माणसाला दिसत नव्हतं, ती टेलिफोन ऑपरेटर त्याच्यासमोर हात बांधून बसली होती.

बदलीच्या अर्जाचा आज शेवटचा दिवस. मुदत पाचपर्यंत, आणि सव्वाचार होऊन गेले होते.

अर्ज लिहून द्यायला ऑफिसातली संगिता होतीच. अकरा वर्षं तीच लिहून देत होती, तेही आपुलकीनं. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. गेल्या साली स्थळ बघायला येणार म्हणून जमुनाताईंनी तिच्याकडून रजा लिहून घेतली, तर संध्याकाळच्या आत रानशेतच्या शाळेतून अभिनंदनाचा फोन. स्थळ फिसकटलं तेव्हा तीच माणसं समजूत घालायला फोन करत होती. आणि ते सगळे फोन उचलायचं काम जमुनाताईंचंच.

“हा अर्ज मी लिहिणार,” त्या म्हणाल्या. “मीच.”

“मला ऐकू द्या जरा.” भाविकनं इयरफोन कानाला लावला. तापल्या तेलात मोहरी टाकावी तसं काहीतरी तडतडत गेलं. एक अक्षर हाती लागलं नाही.

“एवढ्या वेगात कळतं तुम्हाला?”

“तुझ्यासाठी हळू केलंय रे.”

त्यानं इयरफोन परत दिला. त्यानं पेजचं पोट, म्हणजे आतला कोड, उघडला आणि पहिल्याच ओळीवर थबकला. सांगाडा त्यानं कुठून तरी उचलला होता. त्यात पेजची भाषा लिहिली होती ‘en’, म्हणजे इंग्रजी. ते बिचारं यंत्र इंग्रजी तोंडानं मराठी वाचायला जात होतं आणि गप्प होत होतं. तपासणीवाल्या प्रोग्रॅमनं भाषा लिहिलीय एवढंच पाहिलं होतं. खरी की खोटी, ते त्यानं कशाला बघावं? दाखला जोडलाय ना, मग झालं.

भाविकनं ‘en’ खोडलं, ‘mr’ लिहिलं आणि इयरफोनची पिन काढून टाकली. जमुनाताईंनी वेग आणखी उतरवला.

“बदलीसाठी अर्ज,” पेज म्हणालं. “अर्जदाराने आपले संपूर्ण नाव लिहावे.”

भाविक वाकून ऐकू लागला. ही वाक्यं त्यानंच टाइप केली होती. शंभरदा पाहिली होती आणि एकदाही ऐकली नव्हती. दोन अक्षरं, फक्त दोन, आणि मुक्याला वाचा फुटली!

“बोललं की रे!” जमुनाताई पुढे सरकल्या. त्या भराभर खाली उतरल्या आणि तळाशी अडल्या. “‘ॲरो टू’? हे काय बाबा?”

“ते... अर्ज पाठवायचं बटण आहे. चित्राचं नाव तसंच राहिलं.”

“मग तसं लिही ना. मला काय स्वप्न पडणार?”

त्यानं ‘अर्ज पाठवा’ असं लिहिलं. मग जमुनाताईंनी पिन परत खोचली, स्क्रीनची कडा चाचपली आणि खालचं बटण दाबलं.

“ताई, स्क्रीन बंद झाली.”

“मी केली. तिचा मला काय उपयोग? तुमचेच डोळे जातात तिथं.”

काळ्या काचेपुढे त्यांची बोटं धावू लागली. मध्येच थांबत, ऐकत, दोन शब्द मागे जात, एक खोडत, दुसरा घालत. भाविक बघत राहिला. आपण यांची सोय करतोय असं त्याला दोन महिने वाटत होतं. आता आपल्याच पेजपुढे तो चपला काढून उभं राहावं तसा उभा होता.

पाचला दहा कमी असताना संगिता पेन घेऊन खुर्ची ओढत आली. “सांगा ताई, काय लिहू?”

“झालं गं. पाठवला पण. थेट साहेबांकडे.”

“पाठवला? कुणी लिहिला?”

“मी.”

संगितानं भाविककडे पाहिलं. त्यानं मान हलवली, आत काय लिहिलंय ते त्यालाही माहीत नव्हतं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसंही मान वर करून बघू लागली. संगिता खरंच गोंधळली होती.

“अगं बाई! मग आम्हाला कळायचं कसं?”

“नाही कळणार,” जमुनाताई म्हणाल्या. आणि मग, चव घेत, पुन्हा एकदा म्हणाल्या, “नाही कळणार.”