माहेर बुडालेल्या दोघी

लेथ मशीनचा गिअर फुटला आणि बोल्टवर आटे पाडायचं काम ठप्प झालं. दीर म्हणाला, "वहिनी, ही लेथ बनवणारी कंपनीच बुडाली. बाजारातल्या गिअरचं भोक गुळगुळीत, हिच्या शाफ्टला उभ्या खाचा. बसायचा कसा? रविवारी भंगारवाला येईल. दादा गेला, आता तुम्हीही निवांत घरी बसा."

तिनं देवाचं नाव घेतलं आणि वर्कशॉपचं दार आतून लावलं.

रविवारी भंगारवाला दारात आला, तेव्हा लेथ झोकात आटे पाडत होती.

"गिअर कुणी दिला?" दिरानं विचारलं.

"हिनंच केला," ती लेथवर हात ठेवून म्हणाली. "लोखंड धरणारा चक दर वेळी थोडा फिरवून अडकवला आणि हत्यार हातानं पुढेमागे रेटत एकेक खाच, एकेक दात कोरला."

"मोडक्या लेथवर?"

"ती कुठं मोडली होती, भावजी? तिचं माहेर तेवढं बुडालं होतं. माझ्यासारखंच."

दीर पुटपुटला, "मग आता भंगारवाल्याला काय सांगू?"

"सांगा, इथं दोघी राहतात. माहेर दोघींना नाही, पण दात दोघींना आहेत."