डाव्या पायाचं माप

माझ्या लग्नाला आठवडा उरला होता. “सुवार्ता, नवरीच्या चपलांचं माप दे की!” आबांनी हाक मारली. कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या माझ्या बापानं बायबलात जपलेले कागद काढले. प्रत्येकावर पेन्सिलीनं आखलेला माझा डावा पाय, ब्याण्णव सालापासून दर वाढदिवसाचा. पोलिओनं तो आखूड राहिला. आबा डाव्या चपलेच्या तळात चामड्याचे जादा थर असे लपवायचे, की प्रभुभोजनाला चर्चमध्ये पुढं जाताना लंगडणं कुणाला दिसायचं नाही. गिऱ्हाईकाचं माप ते क्षणात घेत. मला मात्र ताटकळत ठेवत, मी चिडायचे. “आबा, झालं न्हाय व्हय?” “हलू नगंस.” ते गुडघ्यांवर बसलेले, मान खाली. आज रुखवतातल्या नव्या कपाटाच्या आरशात त्यांचा चेहरा पहिल्यांदाच दिसला. पेन्सिल केव्हाच थांबली होती. माझा पाय दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, आबा प्रार्थना करत होते.