सुकेळ्यांचं ऊन

समोरच्या टॉवरची सावली अंगणात शिरली, तशी सत्यवतीने केळ्यांची चटई ओढत विहिरीजवळ नेली. सुकेळी करायची तर आठवडाभर कडक ऊन हवं, आणि उन्हापाशी कुणाचा वशिला चालत नाही. राजेळी केळी म्हणजे तर लाडावलेली पोरं. घटकाभर पाठ फिरवली की बिघडलीच.

गास गावातल्या त्या घरात आता ती एकटी राहत होती. सुकेळी खायलाही कुणी नव्हतं. मुलगा अल्पेश मस्कतला. दिवाळीत येणार होता, ते राहिलं. नाताळच्या सुट्टीत जमतंय का, ते आज कळवणार होता. तो यावा, एवढंच तिला हवं होतं.

फोन वाजला. अल्पेशचा व्हिडिओ कॉल. तिने तो विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवला आणि चार पावलं मागे सरून भर उन्हात उभी राहिली. पावसाळ्यातल्या तापाने तिची पार रया गेली होती. ब्लाउज दोनदा आत घेऊनही खांद्यावरून उतरत होता. पण आजाराचं गाऱ्हाणं गाऊन पोराला बोलवायचं, हे तिच्या स्वभावात नव्हतं. त्याला आपणहून दिसलं पाहिजे, मग तो येईल.

“वा! या वर्षी पण घातलीस?” अल्पेश चटईकडे बघत म्हणाला. “बरी आहेस ना?”

“मी हाय की. बघ ना.”

“दिसतेस की मस्त! आई, नाताळचं काही जमत नाहीये गं. शेजारच्या शांतारामचा मुलगा इकडे येणारे, त्याच्याकडे दे सुकेळी. थांब, निधीला बोलायचंय.”

 सत्यवती तशीच उन्हात उभी राहिली.

“आजी, तुझी केळी कोण सुकवतं सांग?” नात पडद्यावर आली. शाळेत नुकताच धडा झाला होता, त्यामुळे उत्तराची वाट बघायला तिला सवड नव्हती. “सूर्य! त्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होतं. त्यात त्याचं थोडं वजन जातं आणि त्याचंच ऊन होतं. झाडं, माणसं, सगळे त्याच्यावरच जगतात. म्हणजे सूर्य रोज झिजतो, आजी!”

“झिजतो? मग कुनाला दिसत कसा नाय?”

“तो केवढा लांब आहे! इथून नाही कळत.”

सत्यवतीने खांद्यावरून उतरलेला ब्लाउज वर ओढला.

“आनि असा किती वरसं पुरेल गो तो?”

“मी पप्पांना विचारलं ना,” निधी म्हणाली. “पप्पा म्हणाले, अजून पुष्कळ. आत्तापासून काळजी करायची गरज नाही.”