खोलीची शांतता

एक मिनिट गप्प बसायचं होतं, आणि नेमकं तेच सरांना जमत नव्हतं.

"झालं का?" त्यांनी काचेपलीकडून विचारलं.

"होत आलं होतं सर," रेकॉर्डिंग करणारी मुलगी म्हणाली. "पण तुम्ही बोललात. आता पुन्हा पहिल्यापासून."

तिच्या शेजारी स्टुलावर बसलेल्या काकूंनी मांडीवरचा कोमट पाण्याचा थर्मास सावरला आणि हसू दाबलं. सरांशी संसार त्यांनीच केला होता, त्यांना हे नवीन नव्हतं.

सर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती फक्त नोकरीतून. बोलण्यातून कोण निवृत्त होतंय? त्यांचा आवडता विषय मौन. मौनावर हा माणूस उभा जन्म अखंड बोलत आला होता. आता घशात गाठ निघाली होती आणि सोमवारी ती स्वरयंत्रासकट काढायची होती. आवाज जाईल, माणूस राहील, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हणून आवाज आहे तोवर व्याख्यानं साठवून ठेवायची असं घरात ठरलं, आणि दोघं रोज सकाळी या गादी ठोकलेल्या भिंतींच्या खोलीत यायला लागले.

आज शेवटचं व्याख्यान होतं. "ओंकारात अ, उ आणि म ऐकू येतात," सर सांगत होते. "ते विरल्यावर जी शांतता उरते, ती चौथी मात्रा. ती ओंकार संपल्यावरची नव्हे, ओंकारातलीच. किंबहुना तिच्यापर्यंत पोचवायलाच पहिल्या तिघांचा खटाटोप." आवाज बसलेला, खरखरीत, पण वाक्य ठणठणीत. तेवढ्यात काचेअलीकडे चहावाल्याने दार ढकललं आणि काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा जरा, हे बोलतायत."

लग्न झाल्यापासून काकू हे वाक्य म्हणत आल्या होत्या. दूधवाला, पाहुणे, फोनवरची लेक, सगळ्यांना त्यांनी या वाक्यावर ताटकळत ठेवलं होतं. चोर आला असता तरी त्याला उंबऱ्याबाहेर थांबवला असता.

व्याख्यान संपलं तेव्हा मुलगी म्हणाली, आता खोलीची नुसती शांतता हवी, मिनिटभर. तुमच्या बोलण्यातला खोकला कापला की तिथे भोक पडतं. ते कोरं ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, यंत्र बंद पडलं. म्हणून तिथे याच खोलीतली, तुम्ही बसलेले असतानाची शांतता भरायची.

सर खूश झाले. मग त्यांनी पहिल्यांदा "झालं का" विचारलं. दुसऱ्यांदा अर्ध्यातच त्यांना राहवलं नाही आणि ते हसत म्हणाले, "खरं तर मौनाचे चार प्रकार आहेत." तिसऱ्यांदा तोंड मिटलेलं राहिलं, पण बोटं टेबलावर ताल धरून बसली.

"सर, टेबल," मुलगी म्हणाली.

सरांनी बोटं उचलली. या वेळी ते हसले नाहीत.

"अगं," ते माइकमधूनच काकूंना म्हणाले, "आत्ता चौथ्या मात्रेवर तासभर बोललो मी. आणि मिनिटभर गप्प बसवत नाही. सोमवारनंतर माझं काय होणार? मला भीती वाटतेय."

स्पीकरमधून ते सगळ्यांनाच ऐकू आलं. मुलीने उगाचच एक वायर सारखी केली. काकूंनी थर्मास उचलला, दुसऱ्या हातात स्टूल घेतलं आणि आत जाऊन सरांच्या समोर बसल्या.

"मी पण बसते. बघू कोण आधी बोलतं."

"आणि पुढे तू काही विचारलंस, तर मी उत्तर कसं देणार?"

"आजवर विचारू कुठे दिलंत?"

सर हसले. हसता हसता खोकला आला. काकूंनी झाकणात पाणी ओतून दिलं, ते प्यायले, आणि मुलीने काचेतून अंगठा वर केला.

हेडफोनमध्ये आता दोन श्वास येत होते. एक सरांचा, किंचित शिट्टी वाजणारा. दुसरा काकूंचा, सावकाश. सरांची बोटं सवयीने टेबलाकडे निघाली, अर्ध्या वाटेत थांबली आणि काकूंच्या तळहातावर जाऊन टेकली. तिथे ती हळूहळू वाजायला लागली. माइकला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. सरांचे डोळे भरून आले होते, पण ते काकूंच्या तोंडावरून हलत नव्हते. काकू मान डोलवत होत्या, व्याख्यानाला डोलवायच्या अगदी तशीच. मध्येच एकदा त्या गालात हसल्या आणि "पुरे" म्हटल्यासारखं त्यांनी सरांच्या बोटांवर हलकेच मारलं. मग सरही हसले.

मिनिट कधीच उलटून गेलं. मुलीने आणखी थोडं जाऊ दिलं, मग आणखी थोडं. बाहेर पुढची मंडळी येऊन बसली होती, तिचा नाइलाज झाला. तिने बटण दाबलं.

"सर, काकू, झालं हं."

सर जागचे हलले नाहीत. काकूंनी तिच्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

"थांब जरा," त्या हळूच म्हणाल्या, "हे बोलतायत."