पांढरं औषध

सगुणाबाईंनी मेंढीची मान स्वतःच धरली. जनावरांच्या दवाखान्यातला विश्वेश्वर सुरी धुऊन आला, तो म्हणाला, "अक्का, तुम्ही बाहेर बसा. बघवणार नाही." त्या हलल्या नाहीत. मेंढी चांगली भरलेली होती, दोन वेतांची, कळपातली सगळ्यात देखणी. रोडावलेली आणली असती तर डॉक्टर म्हणाले असते, ही तशीही मरणारच होती.

पावसाळा सुरू झाल्यापासून त्यांच्या एकोणीस मेंढ्या गेल्या होत्या. आधी पापण्या आतून पांढऱ्या पडायच्या, मग जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, आणि एके सकाळी मेंढी उठायचीच नाही. डॉक्टर सुधींद्रांनी दिलेलं जंताचं पांढरं औषध त्यांनी तीनदा पाजलं होतं. तरी डॉक्टर चार माणसांसमोर म्हणाले होते, "पाणी घालता तुम्ही लोक औषधात. एका बाटलीत दोन कळप उरकता."

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई तळ्याकाठच्या वस्तीवरून ही मेंढी घेऊन येलहंक्याच्या दवाखान्यात चालत आल्या. म्हणाल्या, "तुमच्या हातानं पाजा. तुमच्याच आवारात ठेवा. दहा दिवसांनी उघडून बघा."

डॉक्टरांना हसू आलं होतं. पण त्यांनी मेंढीचं वजन केलं, मोजून औषध पाजलं आणि मागच्या सिमेंटच्या खोलीत बांधून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. रोज सकाळी सगुणाबाई खिडकीतून सुका चारा आत टाकत. जंत गवतातूनच पोटात जातात, म्हणून हिरवी काडी त्यांनी तिला मिळू दिली नाही.

आज दहा दिवस भरले होते. विश्वेश्वरनं सुरी फिरवली. सगुणाबाईंच्या हाताखालचं अंग थरथरलं आणि हळूहळू सैल पडलं. त्यांनी मान अलगद खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि टेबलाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी पोटाचा चौथा कप्पा सोडवून कात्रीनं उभा चिरला, आणि आतलं सगळं कोमट पाण्यानं ट्रेमध्ये धुऊन काढलं. गढूळपणा खाली बसला. सुतासारखे बारीक, लाल-पांढरा पीळ पडलेले जंत शेकड्यांनी वळवळत होते.

डॉक्टरांनी ट्रेवर वाकून पाहिलं.

"नवी लागण असेल," ते म्हणाले.

"सिमेंटवर?" सगुणाबाईंनी विचारलं.

"नाही," डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले. "आणि दहा दिवसांत एवढे वाढतही नाहीत. हे आधीचेच आहेत." त्यांनी विश्वेश्वरकडे मान वळवली. "बाटली जुनी होती का रे?"

"मागच्या महिन्यात आलीये, सार. सील तुम्हीच फोडलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सहा वर्षं, अक्का. दर दोन महिन्यांनी, सगळ्या कळपांना, हेच एक औषध. मीच वाटलं. जे जंत त्यातून वाचले त्यांचीच पिलावळ ही. यांना ते औषध म्हणजे आता ताक."

"मग वर कळवा तसं."

"एका मेंढीवरून कोणी ऐकणार नाही. निदान दहा तरी दाखवाव्या लागतील."

सगुणाबाईंनी ट्रेकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या मेंढीकडे. घरी बावीस उरल्या होत्या.

"सरी, चालेल," त्या म्हणाल्या. "उद्या दहा आणते. वेळ सांगा."

विश्वेश्वरचे हात थांबले. डॉक्टरांना आधी वाटलं, बाई रागानं बोलतायत. पण त्या पदर खोचून वेळेची वाट बघत उभ्या होत्या.

"नको, नको," डॉक्टर घाईनं म्हणाले. "कापायची गरज नाही. लेंड्यांतली जंतांची अंडी मोजता येतात. औषधाच्या आधी एकदा, नंतर एकदा. मीच येतो तिकडे." मग जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं."

सगुणाबाईंनी खोचलेला पदर सोडला.

तेवढ्यात खिडकीत हंबीरराव येऊन उभे राहिले. तळ्यापलीकडचा साठ मेंढ्यांचा कळप त्यांचा. त्या बाजूच्या कुरणांवर घरांचे लेआउट पडल्यापासून सगळ्यांची जनावरं तळ्याच्याच काठी चरत होती. हंबीररावांनी रिकामी बाटली पुढे केली. "डॉक्टर, ते पांढरं औषध. स्वल्प जास्तच द्या, दोन मेल्या काल."

सवयीनं विश्वेश्वरचा हात कपाटाकडे गेला.

"राहू दे ते," डॉक्टर म्हणाले.

"आत या, हंबीरण्णा," सगुणाबाई बाजूला सरकल्या. "आधी हे बघा. दहा दिवसांपूर्वी औषध पाजलेली मेंढी आहे. डॉक्टरांनीच पाजलंय."

हंबीरराव आत आले. ट्रेवर वाकले. बाटली हातात तशीच राहिली.

"जिवंत आहेत की हो," ते म्हणाले. "मग आता काय पाजायचं?"

"दुसऱ्या जातीचं औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "पण तेही सरसकट पाजलं तर चार-सहा वर्षांत हीच गत. प्रत्येक मेंढीची पापणी उलटून बघायची. पांढरी पडली असेल तिलाच द्यायचं, बाकीच्यांना नाही."

"साठ मेंढ्यांच्या पापण्या?"

"तुमच्या साठ, माझ्या बावीस," सगुणाबाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत होतील."

डॉक्टरांनी भिंतीवरची स्कूटरची किल्ली काढली. "तळ्यापर्यंत रस्ता आहे ना?"

"चिखल आहे. गाडी रुतेल, चालतच जावं लागेल," सगुणाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि खाली बसून पँटचे पाय दुमडायला घेतले.